पाणी आणि दुसरे शील



सापगावच्या पुलावर क्षणभर उभे राहा. खालून वाहणारी भातसा मुंबईच्या वाटेवर असते. धरणातून नदीत सोडलेले पाणी पुढे पिसे येथे उचलले जाते आणि शुद्ध होऊन मुंबईच्या नळांना मिळते. मुंबईला सर्वांत जास्त पाणी भातसाच पुरवते. तानसाचे धरणही १८९२ पासून त्याच शहराची तहान भागवीत आहे. आणि ही दोन्ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक गावपाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात!

मग पाणी जपण्याचा उपदेश कोणाला करावयाचा? डोईवर दोन हंडे घेऊन चढण चढणाऱ्या माउलीला? तिला थेंबाची किंमत आपण काय शिकविणार! हा उपदेश आपणास आहे. ज्यांच्या घरी नळ आणि वीज आली, जे शिकून मुंबई-ठाण्यास स्थिरावले, त्यांना आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी स्थविर आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्यांचे हा श्रमण काय दुकान मांडणार, असे म्हणून राजा रागावला. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना वाटू. आणि जुन्यांचे काय? त्यांचे पलंगपोस करू, मग गादीच्या खोळी, मग बैठका, मग पायपुसणी, मग धूळ झाडण्याची फडकी. शेवटी कुटून, चिखलात मिसळून त्यांनी जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

बंधूंनो, दान घेणाऱ्याची जबाबदारी ती ही. न दिलेले घेऊ नये, हे आपले दुसरे शील. बिल भरले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी सांडण्याचा हक्क मिळत नाही. रिकाम्या खोलीत जळणारा दिवा आणि फिरणारा पंखा यांनाही हाच न्याय लागू आहे.

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते पाणी सर्वांचे आहे हे सिद्ध करण्यासाठी. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. त्यांच्या अनुयायांनी नळ उघडा टाकून निघून जावे काय?

मात्र काटकसर म्हणजे मुकाट सोसणे नव्हे. नळवाल्याने पाणी वाचवावे, आणि ज्या पाड्याला ते मिळत नाही त्याच्या मागणीतही त्याने आपला आवाज मिळवावा. येत्या पौर्णिमेस विहारात पंचशील ग्रहण कराल, तेव्हा दुसरे शील उच्चारताना त्या माउलीचे हंडे आठवा.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!