हरवलेली सायकल आणि कीशाची गाढवे

वाचन : १ शमुवेल, अध्याय ९



१९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव हा धानाचा मुलूख आहे. येथे ज्या घरी दुसरे वाहन नाही, त्या घरी सायकल हीच बैलजोडी होय. धानाचे पोते गिरणीत जाते ते तिच्यावर, आणि आजारी माणूस दवाखान्यात पोहोचतो तोही तिच्यावरच. आजोबांनी घेतलेली सायकल पुढे बाप चालवितो. आणि मुलगा शिक्षणासाठी किंवा कामासाठी नागपुरास निघाला, म्हणजे बाप ती त्याच्या स्वाधीन करितो. अशी सायकल एके संध्याकाळी त्या परक्या शहरात जागेवर नसली, तर मुलाच्या मनाची काय दशा होत असेल! तेथे त्याला कोणी ओळखत नाही, आणि घरी कोणत्या तोंडाने कळवावे हे सुचत नाही. मग तो लाजेने घरचा फोनही उचलीत नाही.

अशा प्रसंगाची हकीकत पवित्र शास्त्रात आहे. कीश नामक बन्यामिनी गृहस्थाची गाढवे हरवली. त्या काळी गाढव हेच घरचे वाहन. कीशाने आपला मुलगा शौल ह्यास एका चाकरासह शोधास धाडिले. एफ्राइमाचा डोंगराळ प्रदेश व बन्यामिनाचा प्रांत त्यांनी पालथा घातला, परंतु गाढवे मिळाली नाहीत. सूफ प्रांती आल्यावर शौलास वाटले की, आता परतावे. न जाणो, बाप गाढवांना विसरून आपल्याच काळजीत पडेल. पुढे शमुवेलाने त्यास सांगितले, त्यावरून तसेच घडले होते असे दिसते. गाढवे सापडली होती, आणि बाप मात्र मुलासाठी तळमळत होता.

ह्यावरून प्रथम मुलांनी बोध घ्यावा. शौलाने बापाचे हृदय ओळखिले. मुला, तुझ्या बापाला सायकल प्रिय आहे ती तू तिच्यावर बसतोस म्हणून. त्याच दिवशी घरी कळीव. मग पोलीस ठाण्यात जा. दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याने खबर नोंदवावी व तिची प्रत विनामूल्य द्यावी, असा आजचा कायदा आहे. सायकलीच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक व खरेदीची पावती जवळ असल्यास ओळख पटविणे सोपे जाते; म्हणून तो क्रमांक आजच घरच्या वहीत उतरून ठेवावा.

दुसरा बोध वडील माणसांस आहे. मुलाचा फोन येताच, “सायकल कोठे ठेविली होतीस?” हा प्रश्न मागाहून विचारावा. “बाळा, तू बरा आहेस ना? जेवलास का?” हे आधी विचारावे. सायकल हरवली तर पैसे जमवून दुसरी घेता येते. रागाच्या एका शब्दाने दुरावलेला मुलगा तसा आणता येत नाही.

तिसरा बोध मंडळीतील सर्वांस आहे. भावाचे चुकलेले जनावर दिसल्यास तोंड फिरवू नये, धनी शोधीत येईपर्यंत ते सांभाळावे, अशी आज्ञा अनुवादाच्या २२ व्या अध्यायात आहे. मग बाजारात कोणी पावतीवाचून स्वस्तात सायकल देऊ लागला, तर ती घेणारा काय करितो? तो कोणा गरिबाच्या घरची बैलजोडी सोडून नेतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यास कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चोरासही परतीची वाट आहे. जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत प्रथमच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यास त्यास समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे.

प्रत्येक सायकल परत मिळेल असे वचन आम्हांस मिळालेले नाही. १९५४ साली अमेरिकेतील लुइव्हिल शहरी १२ वर्षांच्या एका मुलाची नवी लाल सायकल चोरीस गेली. चोरास बडवीन असे तो रडत म्हणू लागला. जो मार्टिन नावाच्या पोलिसाने त्यास हसून घालविले नाही. आधी लढावयास शीक, असे सांगून आपल्या मुष्टियुद्धाच्या आखाड्यात घेतले. सायकल मिळाली नाही. परंतु १९६० साली रोम येथे त्या मुलाने ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकिले. तोच पुढे मुहम्मद अली ह्या नावाने जगास ठाऊक झाला.

म्हणून उपदेशकांस आमची विनंती आहे की, गावचा मुलगा शहरास निघाला म्हणजे तेथील एखाद्या विश्वासू कुटुंबाचा पत्ता त्याच्या हाती द्यावा. वस्तू हरवली त्या रात्री त्याला कोणाचे तरी दार ठोठावता यावे. सायकल गेली तरी मुलगा हरवू नये, एवढे आपण सर्वांनी मिळून पाहू या.