हे मानपत्र नापास आहे

बसा. चहा होईल, पण आधी बोलणं होऊ द्या. मोबाईल खिशात ठेवा; याचं शूटिंग करण्यासारखं काही नाही.

'सर, जरा भाषा बघून द्या' म्हणून हा कागद आणलात. बघितली भाषा. 'गोरगरिबांचे कैवारी', 'विकासाची गंगा घरोघरी पोचवणारे आधुनिक भगीरथ', 'अजातशत्रू', 'युवकांचे आशास्थान'. ऱ्हस्वदीर्घाला लाल खुणा केल्यात, त्या दुरुस्त होतील. दुरुस्त न होणारी चूक वेगळीच आहे. यातलं तुमच्या दादांचं नाव खोडा आणि पलीकडच्या गावच्या सरपंचाचं घाला. एक तरी वाक्य अडतं का? आता गेल्या निवडणुकीत दादांनी ज्याला पाडलं त्याचं घाला. तरी अडत नाही! विषय कोणताही येवो, पाठ केलेला गाईचा निबंध उतरवून मोकळा होणारा मुलगा दर वर्गात एखादा असायचा. तुमची अख्खी सत्कार समितीच तशी निघाली.

मघाशी मी साधा प्रश्न विचारला, दादांनी काय केलं? 'खूप केलं, सर.' खूप म्हणजे काय? 'रस्ता केला.' कुठला? 'म्हसोबाचा.' कधी झाला, कोणत्या निधीतून, किती मीटर? तुम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलात. मग कोणीतरी म्हणालं, 'सर, दादांचं काम सगळ्यांनाच माहितीये.' सगळ्यांना माहीत आहे आणि एकालाही सांगता येत नाही, असलं ज्ञान मी शाळेत पुष्कळ बघितलंय. ते तोंडी परीक्षेला उघडं पडतं, आज तुमचं पडलं तसं.

नीट ऐका. सत्कार घेणाऱ्यापेक्षा करणाऱ्याला जास्त अभ्यास लागतो. ज्याचं काम तुम्हाला चार वाक्यांत, साल आणि ठिकाणासकट सांगता येत नाही, त्याच्या खांद्यावर शाल टाकायचा तुम्हाला अधिकार नाही. मग तो माणूस किती का चांगला असेना. तुम्ही त्याच्या कामाला मान देतच नाही, त्याच्या खुर्चीला देता. हे त्यालाही कळतं. म्हणून तोही कामापेक्षा खुर्ची जपतो. दादा बिघडले असतील, तर त्यात तुमच्या हारांचा वाटा आहे.

मंचावर फुल्यांचा फोटो ठेवणार आहात ना? मग त्यांच्या सत्कारांचा इतिहास तरी ठाऊक असू द्या. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबागवाड्यात मेजर कँडींच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा गौरव केला. तोवर शाळा चालू होत्या, मुली शिकत होत्या. शंका असेल त्याने जाऊन बघावं, अशी सोय होती. त्यानंतर १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज. आणि मग ११ मे १८८८ ला मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोक जमले आणि रावबहादूर वंडेकरांच्या पुढाकाराने त्यांना 'महात्मा' म्हटलं गेलं. पहिल्या शाळेपासून ४० वर्षांनी! तुम्ही दादांना 'विकासमहर्षी' कधी केलंत? सदस्य होऊन पहिली दिवाळी आली तेव्हाच ना? मी फ्लेक्स वाचत असतो, बरं का.

आता याच जोतीरावांची एक गोष्ट खास तुमच्यासाठी. ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचं नगरपालिकेत ठरत होतं. विरोध केला एकट्या जोतीरावांनी. हे पैसे शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. तुमच्या समितीत असा एक तरी सभासद आहे का? असता तर तुम्ही त्याला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून केव्हाच काढला असतात.

पदव्यांचं तर विचारूच नका. संविधानाच्या अठराव्या कलमानुसार लष्करी आणि शैक्षणिक सन्मान सोडून राज्यसंस्थेला कोणताही किताब देता येत नाही. पद्म पुरस्कारसुद्धा नावाच्या मागेपुढे किताबासारखे लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं. हे बंधन सरकारला आहे, तुमच्या मंडळाला नाही, हे मला कळतं. पण देशाने स्वतःला घालून घेतलेला संयम थोडा आपणही शिकावा की नाही? 'समाजभूषण', 'समाजरत्न', 'कार्यसम्राट'. नोंदणी शुल्क भरा, फोटो पाठवा, पुरस्कार घ्या, असे मेसेज मलाही येतात. आमच्या शिक्षकांतही स्वतःची फाइल स्वतःच रंगवून आदर्श ठरणारे थोडे नाहीत. तेव्हा हे एकट्या राजकारण्यांचं पाप आहे असं समजू नका.

'सर, मग काम मोजायचं कसं?' विचारलंस हे बरं केलंस. शाळेत एवढ्या वेळा विचारलं असतंस तर गणितात तरला असतास.

विशेषणं सगळी काढून टाक. क्रियापद काय उरतं ते बघ. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेत गेल्या नाहीत. गावठी बियाणं गोळा केलं, जपलं, बायकांना वाटलं. झालं वाक्य. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे पोपटराव पवार. १९८९ मध्ये सरपंच झाले. पाऊस मोजायचा, त्यावरून गावात पाणी किती ते काढायचं आणि कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं, ही पद्धत बसवली. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. या दोघांना २०२० ची पद्मश्री मिळाली. यांच्या वाक्यातलं नाव बदलून बघा बरं. बदलता येतं का?

पोपटरावांच्या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या नजरेतून निसटणार म्हणून सांगतो. त्यांनी लोकांना 'नाही' म्हटलं. उसाला नाही, बोअरला नाही. तुमच्या दादांनी मतदाराला कधी नाही म्हटलंय? ज्या पुढाऱ्याने पाच वर्षांत गावाला एकदाही नाराज केलं नाही, त्याने बहुधा नवस फेडल्यासारखे निधी वाटले आणि पाण्याचा, अतिक्रमणाचा, दारूचा प्रश्न पुढच्यावर ढकलला.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं घ्या. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू झाली. बोर्डिंगातली मुलं जेवावीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. सरकारचं पद्मभूषण आलं १९५९ साली, संस्थेला ४० वर्षं होत आल्यावर, आणि त्याच वर्षी मे महिन्यात भाऊरावअण्णा गेले. 'कर्मवीर' मात्र लोकांनी आधीच म्हटलं होतं आणि त्यासाठी कोणाला पावतीपुस्तक छापावं लागलं नव्हतं. गाडगेबाबा तर पाया पडू देत नसत. गावात यायचे, झाडू घ्यायचे, रात्री कीर्तनात लोकांना खडसवायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. त्यांच्या नावाने पुढे सरकारने ग्रामस्वच्छता अभियान काढलं. आपल्या गावाने त्याचा फलक लावला आणि तो फलकच आज उकिरड्यात उभा आहे.

आता पावतीपुस्तकाकडे येऊ. दाखवा ते. पहिली मोठी पावती कोणाची? गटाराचं काम ज्याला हवंय त्या ठेकेदाराची. दुसरी? वाळूवाल्याची. आणि सन्मानचिन्ह कोणाकडून? सांगू नका, मला अंदाज आहे. हे लोक दादांच्या सेवेबद्दल कृतज्ञ आहेत असं तुम्ही खरंच मानता? उद्या गटार फुटलं तर ज्या हातांनी हार घेतला त्याच हातांनी दादांना ठेकेदाराचं बिल अडवावं लागेल. अडवतील? तुम्ही त्यांचा सन्मान करत नाही आहात, त्यांना बांधून ठेवताय.

आणि हा फ्लेक्सचा नमुना. मधोमध दादा, फेट्यात. खाली शुभेच्छुकांची गर्दी, त्यात अजून मिसरूड न फुटलेले 'युवा उद्योजक'. आणि उजव्या कोपऱ्यात पासपोर्टएवढ्या फोटोत ही बाई कोण? सरपंच! गावाने निवडून दिलेली सरपंच ती आहे आणि दादा तिचे यजमान. महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा बायकांना ठेवल्या, त्या नवऱ्याच्या फ्लेक्सचा कोपरा भरायला नव्हे. ग्रामसभेला अध्यक्षस्थानी ती बसते की हे बसतात, आधी ते सांगा. बरं, हा फ्लेक्स लावायला परवानगी घेतलीत? बेकायदा फलकांवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली कडक आदेश दिलेत. ज्याला लोकसेवक म्हणून गौरवायचं त्याच्या गौरवाची सुरुवातच कायदा मोडून.

शाळेकडे लेझीम पथक मागितलंत, असं ऐकलं. ते मी होऊ देणार नाही, मुख्याध्यापकांना सांगून ठेवलंय. पाहुणे दहाला येणार म्हणता, येतात एकला. पोरी नऊवारी नेसून उन्हात उभ्या. पायात चप्पल नाही, कारण 'एकसारखं दिसायला हवं'. ओठ सुकलेले, आणि पाण्याच्या बाटल्या मात्र मंचावर, न फोडलेल्या. खारघर विसरलात? १६ एप्रिल २०२३. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, भर दुपारचं ऊन. उष्माघाताने दहाहून जास्त माणसं दगावली. श्रद्धेने आलेली माणसं होती ती. ज्या सत्कारात सावली फक्त मंचावर असते, त्याला समाजसेवेचा सत्कार म्हणताना जीभ अडखळायला हवी.

'म्हणजे कोणाचं कौतुकच करायचं नाही का, सर?' असं मी कुठे म्हटलं? कौतुक करायलाच हवं. चांगलं काम करणाऱ्या माणसाला गावाने दोन शब्दही बोलायचे नाहीत आणि पारावर बसून त्याच्या चुका मात्र मोजायच्या, हाही नालायकपणाच. अशाने भली माणसं दुसऱ्यांदा उभी राहत नाहीत आणि मैदान वाळूवाल्यांना मोकळं होतं. गडचिरोलीत मेंढा-लेखाला ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. तिथल्या देवाजी तोफांचं नाव सगळीकडे झालं, पण त्या गावाचा मान ग्रामसभेला मिळाला. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तोही गावाला. कौतुक असं करा, की त्यातून गाव मोठं होईल.

आणि नुसत्या पुढाऱ्यांभोवतीच का घुटमळता? करोनात घरोघर ताप मोजत फिरली ती आशाताई. तिला एवढ्या वर्षांनी 'कोविड योद्धा' म्हणून ट्रॉफी देणार, असं या पत्रिकेत छापलंय. तिला ट्रॉफी नको आहे. तिचं मानधन वेळेवर मिळत नाही, त्यासाठी तुमच्यातला एकजण तरी पंचायत समितीत गेलाय का? पहाटे उठून टाकीचा व्हॉल्व्ह फिरवणारा आपला पाणीवाला. त्याला तर पत्रिकेत जागाच नाही. एक दिवस तो आजारी पडला की सगळ्यांना त्याचं नाव आठवतं, तेही शिवीसकट.

तेव्हा हा कागद परत न्या. उद्या सकाळी ग्रामपंचायतीत जा आणि भाऊसाहेबांकडून ग्रामसभेची इतिवृत्तं मागा. वर्षाला निदान चार सभा व्हायला हव्यात. किती झाल्या ते बघा. गणपूर्तीअभावी किती तहकूब झाल्या तेही बघा. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ही पळवाट ओळखून किती ठराव दोन-चार टाळक्यांत उरकले ते मोजा. म्हसोबाच्या रस्त्याचं अंदाजपत्रक काढा आणि टेप घेऊन रस्ता मोजा. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा आला किती, गेला कुठे, ते लिहून घ्या. सरपंचबाईंना भेटा. दादांशिवाय भेटा. आणि दादांनाच विचारा, 'तुम्ही केलेलं एक काम सांगा, जे करताना गावाचा रोष पत्करलात.'

यातून चार खरी वाक्यं हाती लागली, तर येत्या ग्रामसभेत दादांना उभं करा, सगळ्यांसमोर ती वाचा आणि इतिवृत्तात नोंदवा. मी येईन, मागे सतरंजीवर बसेन, टाळ्याही वाजवीन. मंच नको, जेसीबीतून फुलं नकोत, लेझीम नको.

आणि नाहीच लागली, तर मांडववाल्याला दिलेली उचल आजच परत मागा. आज देईल, बांबू रोवल्यावर देणार नाही.