मुक्कामी गाडी

आमचं गाव चिखलीपासून बरंच आत आहे. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास एसटीची मुक्कामी गाडी येते, मारुतीच्या पारासमोर वळते आणि तोंड सडकेकडे करून उभी राहते. चालक-वाहक हातपाय धुतात, कुणाच्या तरी घरून भाकरी येते आणि रात्री दोघं गाडीतच मच्छरदाणी बांधून झोपतात. पहाटे इंजिन सुरू झालं की अर्धं गाव उठतं. माझी काकू या गाडीवरून गावांची प्रतवारी करते. जिथं गाडी मुक्कामाला राहते ते गाव, जिथं नुसती येऊन जाते ते खेडं आणि जिथं गाडीची वाटच पाहावी लागत नाही ते शहर. तिच्या लेखी शहर म्हणजे चिखली. बुलढाणा ही कचेरीची जागा आणि पुणे म्हणजे 'पोराकडं'.

तो पोरगा, माझा चुलतभाऊ, पिंपरी-चिंचवडला कंपनीत आहे. त्याच्या बोलण्यात चिखली, मेहकर, बुलढाणा सगळं 'गावाकडं' या एका शब्दात बसतं. खामगावात दिलेल्या आत्याला मात्र आमच्याकडचं सगळंच खेड्यावरचं वाटतं. तिचं चुकतं असंही म्हणता येत नाही. जलंबहून खामगावला कापसासाठी आगगाडीचा फाटा आला तो 1870 साली, आणि जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बुलढाण्याला आजही रेल्वे नाही. गाडी धरायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी करता करता कितीतरी पिढ्या म्हाताऱ्या झाल्या.

आमच्या जिल्ह्यातला माणूस नवख्याला पहिला प्रश्न विचारतो तो शहर की खेडं असा नसतोच. तो विचारतो, घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. वरच्याला खालची रेल्वे आणि काळी कसदार जमीन दिसते. खालच्याला वरची थंड हवा दिसते आणि वरचं गोडं पाणी दिसतं. खारपाणपट्ट्यातल्या बाईला विचारा. विहीर भरलेली असून तिच्यातलं पाणी तोंडात धरवत नाही, हे ज्या घरानं वर्षानुवर्षं सोसलं त्या घरासाठी राहण्याजोगी जागा म्हणजे गोडं पाणी. रस्ता, मॉल, शाळा हे सगळं त्यानंतर.

सरकारचा मापदंड वेगळा आहे. 2011च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 86 हजार भरली आणि त्यातली शंभरातली एकवीस माणसं शहरी ठरली. राज्याचा आकडा तेव्हा पंचेचाळीस होता. शहर कोणतं हे जनगणना दोन प्रकारे ठरवते. नगरपालिका किंवा नगरपंचायत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर तीन अटी: वस्ती किमान 5,000, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, आणि कामकरी पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात. ही तिसरी अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा 'पुरुष' या शब्दावर बराच वेळ थांबलो. गावातले पुरुष दुकान, ऑटो, कंपनी, नोकरी अशा कामांना लागले की गाव शहर व्हायला पात्र होतं. बायका कुठं जातात हे त्या कसोटीत विचारलेलंच नाही.

त्या कुठं जातात हे पाहायचं असेल तर सोयाबीनच्या निंदणाच्या दिवसांत सकाळी आठच्या आत आमच्याकडच्या कुठल्याही नगरपालिकेच्या गावात कडेच्या वस्तीजवळ उभं राहावं. एका ऑटोत दहा-बारा जणी दाटीवाटीनं बसलेल्या असतात. डोक्याला रुमाल, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, हातात विळा आणि डबा. ज्यांना मतदार यादी, घरपट्टी आणि जनगणना शहरी म्हणते त्या या बायका रोज शेतात मजुरीला जातात आणि संध्याकाळी शहरात झोपायला येतात. त्यांना 'तुम्ही कुठं राहता' असं विचारलं तर वॉर्डाचं नाव सांगतात. 'दिवस कुठं काढता' असं कुणी विचारत नाही.

नावांकडेही पाहा. जिल्ह्यात अकरा नगरपालिका, आणि त्यातल्या खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, देऊळगाव राजा या चौघींच्या नावातच गाव आहे. अलीकडे मोताळा आणि संग्रामपूर या तालुक्याच्या ठिकाणी नगरपंचायत झाली. कागदावर गाव शहर झालं. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले आणि ग्रामसभा संपली. गोठे मात्र होते तिथेच राहिले, उकिरडेही. अशा ठिकाणी व्यापारी आणि प्लॉटवाले खूश असतात, तर मजुराच्या घरात आता ग्रामीण योजना आपल्याला लागू का, अशी चिंता असते. एकाच गल्लीत एकाला बढती मिळाल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्याला नाव कमी झाल्यासारखं.

पण गाव आणि शहर यांचा खरा लिलाव मांडला जातो तो लग्नाच्या बैठकीत. गेल्या पंधरा वर्षांत आमच्या भावकीत असा एकही बायोडाटा पाहिला नाही ज्यात 'पुण्यात कंपनीत' आणि 'घरी इतके एकर ओलित' या दोन ओळी एकाखाली एक नव्हत्या. मुलाला नोकरी हवी, शेतीही हवी, आणि मुलगी शेतात जाणार नाही हे आधीच ठरलेलं. शेती करणारी तिशी-पस्तिशीची पोरं गावोगाव बिनलग्नाची आहेत. यावर पारावर बोलणं निघालं की सगळा दोष मुलींवर जातो. पोरी चढल्या, टीव्ही पाहून बिघडल्या, असं माणसं सहज बोलून जातात.

मला हे मान्य नाही, पण पूर्वी होतं. बुलढाण्याच्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला 2004चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा आम्ही ती कादंबरी हातोहात वाचली. शिकून बेकार राहिलेला शेतकऱ्याचा मुलगा एकनाथ आम्हाला आपलाच वाटला, आणि शहरी वळणाची, त्या घरात न रमणारी त्याची बायको अलका हिचा आम्हाला राग आला. पुढं माझी धाकटी बहीण कोरडवाहू शेतीच्या घरात नांदायला गेली. पहिल्या वर्षी ती माहेरी आली तेव्हा तिच्या तळहातांकडे पाहिलं आणि कादंबरी पुन्हा काढली. या खेपेला अलकाची पानं वेगळी वाचली गेली. एकनाथाचं गाव पिढ्यांचं, पंढरीच्या वारीचं, बापाच्या घामाचं आहे. अलकाला त्यातलं काहीच मिळालेलं नाही. तिच्या वाट्याला त्या गावाचं फक्त काम आलं आहे.

गावाबद्दलचा हा मतभेद देशाच्या घटनेच्या पायाशीही आहे. गांधीजींनी 'हिंद स्वराज्य' 1909मध्ये लिहिलं तेव्हापासून त्यांच्या स्वराज्याच्या कल्पनेत खेडं मधोमध होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना खेड्याचं हे गौरवीकरण साफ नाकारलं, आणि मसुद्यात खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केलं. दोघंही डोळस माणसं होती. पण गाव पाराच्या बाजूनं पाहिलं तर एक दिसतं आणि गावकुसाबाहेरून पाहिलं तर दुसरंच. ज्याला पाण्यासाठी दुसऱ्याच्या ओंजळीची वाट पाहावी लागली, त्याला शहरातला सार्वजनिक नळ हाच मोठा दिलासा होता. रांगेत पुढच्याची जात कळत नाही, एवढ्या कारणासाठीही माणसं गाव सोडून गेली आहेत. झोपडपट्टीत राहिली, पण परतली नाहीत.

म्हणून मला आता वाटतं की जागा चांगली की वाईट हे तिच्या हवापाण्यावरून जेवढं ठरतं, त्याहून जास्त ते तिथून आपल्या मर्जीनं निघता येतं का आणि मर्जीनं परत येता येतं का यावर ठरतं. ज्याच्या खिशात परतीचं तिकीट आहे त्याला गाव गोड लागतं. ज्याच्यासाठी बाहेरची वाट बंद आहे त्याला तीच हवा कोंडते. शहराचंही तसंच.

2020च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, हे उघड्या डोळ्यांनी दिसलं. पुण्या-मुंबईची पोरं जमेल त्या वाहनानं गावी आली. वेशीवर काट्या आडव्या टाकलेल्या होत्या. जन्मगावात शिरायला परवानगी लागली, आणि चौदा दिवस झेडपीच्या शाळेत, ज्या वर्गात पाढे म्हटले त्याच वर्गाच्या फरशीवर, कितीतरी जण झोपले. सुरुवातीला सगळे म्हणत होते, आता परत जायचं नाही, इथंच दूध-भाजीचं काही करू. चुलतभाऊही म्हणाला. त्याच दिवसांत मुक्कामी गाडी बंद होती. काकू रोज तिन्हीसांजेला पारापर्यंत जाऊन यायची. पेरण्या झाल्या, पोळा झाला, कंपन्यांचे फोन येऊ लागले आणि दिवाळीच्या आत गाव पुन्हा रिकामं झालं. गाडी सुरू झाली त्या संध्याकाळी काकूनं तिच्या चाकापुढं नारळ फोडला.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या उपचारासाठी काकूला पुण्याला नेलं. अकराव्या मजल्यावर घर, चोवीस तास पाणी, सून मायेची, नातू अंगावर लोळणारा. तरी दुसऱ्याच दिवशी भावाचा फोन आला की आई जेवत नाही, नुसती बाल्कनीत बसते, 'मले नेऊन घाल' म्हणते. मी तिच्याशी बोललो. दवाखान्याचं, गुडघ्याचं बोलणं तिनं बाजूला सारलं आणि विचारलं, "इथून आपल्याकडं जायची गाडी कुठी लागते रे? ह्या पोराले विचारलं तं फोन दाखोते."

मी भावाला म्हटलं, तिला खाली घेऊन जा. त्या रात्री आठला तो तिला लिफ्टनं खाली घेऊन गेला, रिक्षानं हायवेच्या कडेला नेलं आणि चिखली-मेहकरच्या ट्रॅव्हल्स जिथं थांबतात ती जागा दाखवली. तिथं पोती, पेट्या, पेंगुळलेली लेकरं घेऊन आपल्याच बोलीत बोलणारी पंचवीस-तीस माणसं उभी होती. काकूनं एका बाईला तिचं गाव विचारलं, भाडं विचारलं, गाडी सकाळी किती वाजता पोचते ते विचारलं. दोन गाड्या सुटेपर्यंत ती तिथंच थांबली. मग घरी येऊन जेवली, आणि पुढं बावीस दिवस राहिली.