पाचशे सेकंद

देवनहळ्ळीच्या किल्ल्यात, बुरुजापाशी, पूर्वेकडे तोंड करून बसा.

अजून सूर्य उगवायचा आहे. उत्तरेला नंदीदुर्गाची काळी पाठ आहे. दगड रात्रभर निवत गार झाला आहे.

उजवा हात त्या दगडावर ठेवा. तळवा वर. उघडा.

या तळव्यावर उन्हाची जी पहिली तिरीप पडेल, ती आत्ता सूर्यावरून निघते आहे. मध्ये १५ कोटी किलोमीटर आहेत. तिला जवळपास ५०० सेकंद लागतील.

तेवढा वेळ आपण बसू.

श्वास घ्या. सोडा.

या एका सावकाश श्वासात ती साधारण १५ लाख किलोमीटर पुढे आली.

पुन्हा घ्या. पुन्हा सोडा.

दक्षिणेला, विमानतळाकडे, एक विमान उतरतं आहे. त्याचा दिवा दिसतो. घरघर मागाहून येते. ऐका.

आवाज हवेला ढकलत, हवेच्या अंगावरून येतो. म्हणून त्याची चाल हवा ठरवते. गार हवेत तो थोडा हळू येतो, उन्हाळ्याच्या दुपारी थोडा लवकर.

आणि उजेडाची चाल? ती कोण ठरवतं? सूर्यापासून इथवर बहुतेक वाट रिकामीच आहे.

प्रश्न असाच राहू द्या. तळव्याकडे या. तळवा गार आहे.

तीन मिनिटं सरली. तिरीप बुधाच्या कक्षेच्या आसपास असेल.

श्वास घ्या. सोडा.

१८५६ साली वेबर आणि कोलराउश या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी काचेच्या बरणीत विजेचा भार साठवला आणि वीज व चुंबक यांचं नातं एका संख्येत मोजलं. त्या मोजणीत दिवा नव्हता, सूर्य नव्हता. पुढे मॅक्सवेल यांनी आपल्या समीकरणांत ती संख्या वापरली. तरंगाचा जो वेग निघाला, तो जवळजवळ प्रकाशाचाच होता.

इथे थोडं थांबा. मला तरी इथून चटकन पुढे जाववत नाही.

उजेडाकडे न पाहता उजेडाची चाल सापडली. रिकाम्या जागेलाच एक स्वभाव आहे. वीज तिच्यात किती सहज पसरते, चुंबक किती सहज पसरतं, त्यावर ती चाल बेतलेली आहे.

तुमच्या बोटांमधली जागा पाहा. तिथे काही नाही. तिलाही तोच स्वभाव आहे.

पाहत राहा.

सहा मिनिटं झाली. शुक्राची कक्षा आली.

पूर्वेचा राखाडी रंग फिका झाला आहे. कुठेतरी एक पाखरू बोललं.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दूरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून उठलेली अवकाशाची थरथर पृथ्वीवर पोचली. ती सुमारे १३ कोटी वर्षं वाटेत होती. तिच्यामागून गॅमा किरणांचा झोत आला. १.७ सेकंदांनी.

एवढ्या वाटेवर अंतर पडलं ते दोन सेकंदांपेक्षाही कमी.

थरथर म्हणजे उजेड नव्हे. तरी चाल तीच. म्हणून माझं मन एका बाजूला कलतं: हा वेग उजेडाच्या मालकीचा नसावा. तो जागेचा आणि काळाचा असावा, आणि उजेड फक्त त्या वाटेने येत असावा.

हा माझा कयास आहे. तुमचा तुम्ही शांतपणे करा.

श्वास घ्या. सोडा.

सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. हीच संख्या का, असं मन विचारील. विचारू द्या. १९८३ पासून मीटरच उजेडाच्या चालीवरून ठरवला जातो, तेव्हा संख्या आपल्या मापाची आहे. पण चालीला मर्यादा का असावी, हे त्या मापात सापडत नाही.

तो ‘का’ तसाच उघडा ठेवा, तळव्यासारखा.

आता थोडाच वेळ उरला आहे. शब्द सोडा.

श्वास.

पुन्हा श्वास.

क्षितिजाची कड तांबडी झाली. बुरुजाचा माथा उजळला. ऊन दगडावरून खाली उतरतं आहे.

हात हलवू नका.

तिरीप तळव्यावर आली आहे. ती निघाली तेव्हा तुम्ही नुकतेच बसला होतात.