एका अक्षराची चूक

मागे आमच्या मंडळीतील एका विद्यार्थिनीने डीएनएची अक्षरे वाचण्याचे व बदलण्याचे सॉफ्टवेअर मला दाखविले. आईकडून एक व वडिलांकडून एक असे दोन संच आपल्याला मिळतात आणि प्रत्येक संचात ए, टी, जी, सी या चारच अक्षरांची सुमारे ३ अब्जांची माळ असते. ती वाचण्याची पद्धत १९७७ साली केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर यांनी प्रसिद्ध केली. त्याच प्रयोगशाळेत रॉजर स्टेडन यांनी ती अक्षरे जुळविण्यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिले. आज ते काम घरच्या संगणकावर होते.

तिने हिमोग्लोबिनच्या एका जनुकात ‘जीएजी’मधील ‘ए’ खोडून ‘टी’ लिहिला. लगेच ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन दिसले. सिकलसेल तो हाच. दोन्ही संचांत हा बदल असला, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोगी वेदनेने तळमळतो. मग तिने एक कळ दाबली. ‘ए’ परत आला.

जवळच संडेस्कूलचा एक मुलगा उभा होता. त्याने विचारले, “काका, मग ही माणसे देवाने चुकीची लिहिली का?”

मला चटकन उत्तर सुचले नाही. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीही असेच विचारले होते: पाप कोणाचे? प्रभूने तो दोष ना त्याच्यावर ठेवला, ना त्याच्या आईबापांवर. त्याने त्याला दृष्टी दिली.

शिवाय ‘चूक’ हा शब्दही जपून वापरावा. तोच ‘टी’ एकाच संचात असेल, तर तो मनुष्याचे तीव्र मलेरियापासून पुष्कळसे रक्षण करतो. पूर्वी शास्त्रलेख हाताने उतरवीत, तेव्हा लेखकांच्या हातून अक्षरे चुकत. अभ्यासक प्रती ताडून पाहतात. पण चुकलेल्या अक्षरासाठी कोणी हस्तलिखित जाळीत नाही. मग माणसाचे मोल अक्षरावर कसे ठरवावे?

तर मग बदल करूच नये काय? तसे नव्हे. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत सिकलसेलवर जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रोग्याच्या संमतीने त्याच्याच रक्तपेशी घडविणाऱ्या मूळ पेशी काढून, त्यांत बदल करून परत देतात. तो बदल त्याच्या संततीत जात नाही. याला मी रोग बरा करण्याची सेवा म्हणतो. पण २०१८ साली चीनमध्ये हे ज्यानक्वे यांनी भ्रूणांत बदल करून मुली जन्मास आणल्याचे जाहीर केले; २०१९ साली त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्या मुलींना कोणी विचारले नव्हते, आणि असा बदल पुढच्या पिढ्यांतही उतरू शकतो. पडद्यावरची कळ तेथे नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, असा प्रश्न आला तर मुलाला गप्प बसवू नका. मी त्या मुलाला पुढच्या रविवारी सांगितले, “बाळ, आजार हा आजार आहे, आणि तो बरा करणे चांगले. पण ज्याला तो आहे, त्याला देवाने नावाने हाक मारली आहे.” तुमच्या वर्गातही असे एखादे आजारी लेकरू बसलेले असेल. उत्तर देताना ते ऐकत आहे, एवढे ध्यानात ठेवा.