प्रकल्पग्रस्त, बाधित की विस्थापित?

‘प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन’ या इंग्रजी शब्दसमूहासाठी मराठीत प्रकल्पग्रस्त, प्रकल्पबाधित, धरणग्रस्त आणि विस्थापित हे चार शब्द वापरात आहेत. बातम्यांत ते खुशाल एकमेकांच्या जागी येतात. अर्थाने मात्र ते वेगळे आहेत, आणि पर्यायी जमीन व घराची जागा कोणाला द्यायची हे ज्या कागदावर ठरते, तिथे चुकीचा शब्द एखाद्या कुटुंबाचा हक्कच बुडवू शकतो.

आंबेगाव तालुक्यात हा फरक जमिनीवरच दिसतो. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना शिनोली लागते आणि पुढे घोड नदीवरचे डिंभे धरण. कुकडी प्रकल्पातील या धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने गाव याच पाण्याखाली गेले. घर सोडून ज्यांना दुसरीकडे वसावे लागले, ते विस्थापित. पण वरच्या खोऱ्यात महादेव कोळी समाजाच्या कितीतरी कुटुंबांची शेते बुडाली, तरी माणसे डोंगराच्या अंगाला सरकून तिथेच राहिली. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीत ती गाळपेर करतात. त्यांचे गाव सुटले नाही म्हणून त्यांचे नुकसान कमी ठरत नाही. त्यांना विस्थापित म्हणता येत नाही. ती बाधित आहेत. प्रत्येक विस्थापित हा बाधित असतो, उलट मात्र खरे नाही.

राज्याच्या पुनर्वसन कायद्यांतही हा फरक उमटला आहे. १९७६ च्या कायद्याच्या इंग्रजी नावात ‘डिस्प्लेस्ड’ होते. १९८६ आणि १९९९ च्या कायद्यांत त्या जागी ‘अफेक्टेड’ आले. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ आणि ‘विस्थापित कुटुंब’ यांच्या वेगवेगळ्या व्याख्याच केल्या. स्वतःची जमीन नसलेले शेतमजूर, कुळे, कारागीर, तसेच वनोपज किंवा मासेमारीवर जगणारी माणसेही त्यात काही अटींवर बाधित ठरतात. व्यक्तीऐवजी कुटुंब हे एकक धरले, हेही महत्त्वाचे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईचे जगणेही त्याच शेतावर चाललेले असते.

‘ग्रस्त’ आणि ‘बाधित’ यांतला फरक कायद्याचा नाही, भाषेचा आहे. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त या मालिकेत ‘धरणग्रस्त’ बसवला की धरण ही जणू नैसर्गिक आपत्ती वाटू लागते. प्रत्यक्षात ते शासनाने ठरवून बांधलेले असते. तरीही हा शब्द टाकून देणे अन्यायाचे होईल. मोर्च्यांत, निवेदनांत लोकांनी तो स्वतःसाठी वापरला आणि त्याला मागणीची धार दिली. सरकारी नोकरीच्या जाहिरातींत समांतर आरक्षणाखाली ‘प्रकल्पग्रस्त’ हाच शब्द असतो, दाखलाही त्याच नावाने मागितला जातो. म्हणून बोलण्यात आणि दाखल्याच्या संदर्भात ‘प्रकल्पग्रस्त’ योग्य. हक्कांची व्याख्या करताना ‘बाधित’ अधिक नेमका.

इंग्रजीतही पर्यायांचा असाच घोळ आहे. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ च्या निवाड्यात ‘आउस्टी’ म्हणजे हुसकावलेला हा शब्द घेतला आणि तो बुडीत क्षेत्रापुरता बांधला. परिणामी नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या कालव्यांत जमीन गेलेले शेतकरी त्या व्याख्येबाहेर राहिले.

मराठीत ‘धरणग्रस्त’ हा शब्द सरसकट वापरल्यास हाच धोका उद्भवतो. कालवा, रस्ता किंवा वसाहतीसाठी ज्याची जमीन गेली, त्याला धरणग्रस्त म्हणणे ओढूनताणून होते; ‘प्रकल्पबाधित’ मात्र त्याला सामावून घेतो. असा शेतकरी उरलेल्या रानाला त्याच कालव्याचे पाणी घेत असेल, तर तो लाभधारकही असतो. एक शब्द लावला म्हणून दुसरा खोडायचे कारण नाही. नोंदीत दोन्ही यावेत.