निळ्या चिठ्ठीवरचा एक शब्द

अमेरिकेतल्या सिगार वळणाऱ्यांच्या संघटनेनं १८८० साली एक निळी चिठ्ठी काढली. सिगारच्या पेटीवर ती डकवलेली दिसली, की गिऱ्हाईकानं ओळखायचं : हा माल संघटनेच्या कारागिरानं वळलेला आहे. संप, मोर्चा ही कामगारांची हत्यारं आपल्या ओळखीची. पण दुकानात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला आपल्या लढ्यात ओढून घेणारी ही चिठ्ठी मला फार मोलाची वाटते. ना त्याला घोषणा द्यायची, ना वर्गणी भरायची; त्यानं फक्त पेटी हातात घेऊन नीट पाहायची.

पुढे छपाईवाल्यांनी, बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांनीही हाच मार्ग धरला. तिकडच्या निवडणूक-पत्रकांच्या तळाशी छपाई कामगारांच्या संघटनेची मुंगीएवढी खूण आजही छापली जाते.

त्या निळ्या चिठ्ठीवरच्या मजकुरात मात्र एका शब्दापाशी मी दर वेळी अडखळतो. आमचा विरोध कशाकशाला, हे तिच्यावर छापलेलं असे : हलकं काम, तुरुंगातलं काम, गलिच्छ खोल्यांमधलं काम, आणि त्याच ओळीत 'कुली'चं काम. कुली म्हणजे तिथे मुख्यतः चिनी मजूर. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सिगार कामगारांनी तर त्याआधीच, १८७०च्या दशकात, पांढरी चिठ्ठी काढली होती. माल गोऱ्या हातांनी वळलाय, हे सांगायला. चिनी कारागीरही तीच तंबाखू वळत होता, पण त्याला या चिठ्ठीत जागा नव्हती. १८८२च्या कायद्यानं तर नव्या चिनी मजुरांना देशाचं दारच बंद झालं. मजुराच्या सन्मानासाठी निघालेल्या कागदावर दुसऱ्या मजुराचा अपमान छापलेला होता, हे मला आजही सोसत नाही.

शिवाय हा शब्द तिकडे गेला तो आपल्या देशातून. ओझी वाहणाऱ्याचं नाव, आणि तेच शिवीसारखं वापरलेलं.

इकडे ओझी वाहणाऱ्याच्या नावाची गोष्ट वेगळी घडली. मुंबईच्या बाजारपेठांमध्ये डोक्यावर पोती वाहणाऱ्या हमालांना अण्णासाहेब पाटील यांनी एकत्र आणलं. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे राबणाऱ्या माणसाची या कायद्याखालच्या मंडळाकडे नोंद होऊ लागली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्य निर्वाह निधीत त्याच्या नावानं पैसे जमू लागले. ज्या माथ्यावर ओझं, त्या माथ्यावरूनच त्याला नाव मिळालं, माथाडी. आणि ते तो ताठ मानेनं सांगतो.